दाराचा आवाज

दौलताबादचा किल्ला आपल्याला झेपायचा नाही, हे आईनं पायथ्याशीच जाहीर केलं. गुडघ्यांवर हात ठेवून तिनं वर तटाकडं पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही या जाऊन. मी बसते इथं सीताफळवालीपशी."

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. पुण्याहून मी, माझी बायको तनुजा आणि आमची अकरा वर्षांची ज्ञानदा असे सुट्टीला आलो होतो. पाचोडहून आईला घेतलं आणि शहरात पुंडलिकनगरला तनुजाच्या बहिणीच्या रिकाम्या फ्लॅटवर उतरलो. किल्ला, मकबरा, वेरूळ असा तीन दिवसांचा बेत होता. पण आईला रस्त्याकडेला बसवून आपण किल्ला चढायचा, हे काही बरं दिसेना. तनुजानं फोनवर शोधलं. "परत जाताना पडेगावला गाड्यांचं संग्रहालय आहे. शिवना मोटर्सचं. सगळं सपाट आहे, आईंना चालता येईल."

मी गाडीची किल्ली शोधायला लागलो. आईच म्हणाली, "शिवनाचं? चला की. बघू."

मला तिथं जायचं नव्हतं, त्याला कारण होतं. ऐंशीच्या दशकात शिवना मोटर्सनं एक लहान चारचाकी काढली होती. मराठवाड्याबाहेर ती फारशी गेली नाही, पण आमच्या भागात मोसंबीवाल्या शेतकऱ्यांनी ती हौसेनं घेतली. पाचोडात पहिली माझ्या वडिलांनी, आप्पांनी, घेतली. पांढरी. एकोणनव्वदच्या डिसेंबरात माझ्या मोठ्या बहिणीला, सोनियाला, चष्म्याचा नंबर काढायला ते शहरात घेऊन निघाले. समोरून आलेल्या ट्रकला चुकवताना गाडी कालव्यात गेली. रब्बीचं पाणी सोडलेलं होतं. आप्पा वाचले. सोनी नऊ वर्षांची होती. मी चार वर्षांचा होतो, मला तिची फक्त लाल रिबीन आठवते.

आप्पांनी घरी एवढंच सांगितलं होतं की काठावरच तिच्या डोक्याला मार बसला, पाण्यात जायच्या आधीच ती गेली होती, तिला काही कळलंसुद्धा नाही. त्या एका वाक्यावर आई पस्तीस वर्षं उभी होती. आप्पाही दोन हजार एकोणीस साली गेले.

संग्रहालय म्हणजे कारखान्याची जुनी शेड. पत्र्याचं उंच छत, जमिनीवर पुसट झालेले पिवळे पट्टे, रबराचा आणि पॉलिशचा वास. दोऱ्या बांधून पलीकडं दहा-बारा गाड्या उभ्या केल्या होत्या. सुट्टी असूनही आमच्याशिवाय एकच कुटुंब होतं. दाखवायला रामकिसन नावाचे साठीपुढचे गृहस्थ होते, खाकी शर्ट घातलेले, पूर्वी ह्याच शेडमध्ये कामगार असलेले. पांढऱ्या शिवनापाशी आई थांबली. दोरीवरून वाकून तिनं मागच्या काचेतून आत पाहिलं आणि पुढं गेली. मला हायसं वाटलं.

शेवटी आवाजाची खोली होती. प्लायवुडची भिंत, त्यावर आतून गालिचा चिकटवलेला. सहा खुर्च्या, प्रत्येकीसमोर खिळ्याला अडकवलेला हेडफोन आणि पाच बटणांची पेटी. सेल्फ, इंजिन, हॉर्न, वायपर, दार.

"चौऱ्याऐंशी सालचे आवाज हायत," रामकिसन म्हणाले. "मुंबईहून मशीन आणलं होतं रेकॉर्डिंगला. हे जे दार लागतंय ना, ते मीच लावलंय."

ज्ञानदानं हॉर्न चार वेळा वाजवून पाहिला. आई तिच्या शेजारी बसली.

इथं माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. मी श्रवणतज्ज्ञ आहे. पुण्यातल्या एका रुग्णालयात रोज वीस-पंचवीस जणांचे कान तपासतो. आईचे कान मी स्वतः दरवर्षी तपासतो. डाव्या कानाला यंत्र लावल्यावर तिला बोलणं कळतं. उजवा कान लहानपणीच्या तापात गेला, त्याला काहीही ऐकू येत नाही.

हेडफोन लावला की यंत्र शिट्टी मारतं, म्हणून आईनं यंत्र काढून मुठीत धरलं. मग हेडफोन तिरका करून एकच बाजू कानावर दाबली. उजव्या. मी हात करून तिला खुणावणार होतो, तेवढ्यात तिनं शेवटचं बटण दाबलं.

ती ऐकत राहिली. पुन्हा दाबलं. पुन्हा ऐकत राहिली. तिसऱ्यांदा दाबून तिनं डोळे मिटले.

मी तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा तिनं मान वर केली. "ह्याच्यात कोण बोलतंय रे?"

मी हेडफोन घेऊन ऐकलं. खटका, धप्प, आणि दार लागल्यावर पत्र्यात उरलेली बारीक थरथर. चार सेकंदांत संपलं. मी तिच्या डाव्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, "दार लागतंय आई. दुसरं काही नाही."

"बरं," ती म्हणाली.

गाडीत मी तनुजाला समजावून सांगितलं की बहिऱ्या कानात असे भास होतात. कानाकडून काही येईनासं झालं की मेंदू स्वतःच आवाज तयार करतो. कुणाला भजन ऐकू येतं, कुणाला हाका. माझ्याकडं असे किती तरी रुग्ण येतात. हे सगळं खरं आहे. मी आजही तेच सांगेन.

दुसऱ्या दिवशी वेरूळला निघालो तर पडेगावपाशी आई म्हणाली, "मला उतरव इथं. तुम्ही जा पुढं."

"आई, काल पाहिलं की आपण."

"मला ऐकायचंय." तिचा आवाज चढला नव्हता, पण असं बोलायला लागली की तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तनुजा ज्ञानदाला घेऊन टॅक्सीनं पुढं गेली. मी आईबरोबर राहिलो.

ती त्याच खुर्चीवर बसली. यंत्र काढलं, उजव्या कानावर हेडफोन दाबला, बटण दाबलं. मी मागं उभा होतो. एकदा दाबल्यावर ती दहा-दहा मिनिटं हलत नव्हती. पेटीवरचा हिरवा दिवा चार सेकंदांनी विझायचा आणि ती तशीच ऐकत बसायची. मी फोनवर आवाज मोजायचं अॅप काढून दुसऱ्या खुर्चीचं तेच बटण दाबून तिथल्या हेडफोनला लावलं. खटका, धप्प, थरथर. नंतर सरळ रेघ.

पाऊण तासानं तिनं हेडफोन खाली ठेवला आणि यंत्र कानात घातलं.

"सोनी हाय," ती म्हणाली.

"आई..."

"ऐकून घे आधी. पाण्याचा आवाज येतोय. ती आतमधी हाय आणि तुझा बाप बाहेरून काचंवर हात मारतोय. दार निघंना. त्यो म्हणतोय, सोने, भिऊ नको, पाढे म्हण. दार निघंपत्तोर पाढे म्हण."

मी खुर्ची ओढून बसलो.

"म्हणतीय मग. दोनापासून. बिगी बिगी म्हणतीय, जसं मास्तरासमोर. पाणी वाढतंय तसा आवाज बारीक होतोय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बारापत्तोर येती. बार साते चौऱ्याऐंशी म्हणती, बार आठे म्हणती, आन् थांबती. घरीबी तिथंच अडायची. त्या आठवड्यात मी तिला त्योच पाढा घालत होते. मग ती इचारती, आप्पा, बार आठे किती?"

"आणि आप्पा?"

"त्यांना कुठं येत होता रं बाराचा?"

आप्पा दुसरीतून शाळा सोडलेले. आई सातवी शिकलेली, आम्हा भावंडांचा अभ्यास तिनंच घेतला. मी पाढे पाठ करायला बसलो की आप्पा टोपी घालून बाहेर पडायचे, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर आठवलं. पाऊस असला तरी जायचे. आम्ही समजायचो, त्यांना गोंगाट आवडत नाही.

आईला पाणी आणायला म्हणून मी बाहेर आलो. रामकिसन स्टुलावर बसले होते. मी त्यांना ती फाइल संगणकावर दाखवायला सांगितली. त्यांनी दाखवली. लांबी चार सेकंद. तारीख, मार्च चौऱ्याऐंशी. सोनी तेव्हा चार वर्षांची होती, आणि आप्पांनी गाडी घेतली ती त्यानंतर दोन वर्षांनी.

"साहेब, एक इचारू का?" रामकिसन म्हणाले. "मावशी पाचोडच्या का?"

"हो. का?"

"नाय, आधी पाचोडचे एक बाबा यायचे. टोपी, धोतर. हे सुरू झालं तवापासून, दर महिन्याला एकदा. पिशवीत मोसंब्या आणायचे मला. त्याच खुर्चीवर बसायचे, त्येच बटण. चार-पाच वर्षं आले, मग बंद झाले."

मी फोनमधला आप्पांचा फोटो काढून दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"हेच," ते म्हणाले.

आप्पा दर महिन्याला शहरात यायचे ते बीपीच्या गोळ्या आणायला. असं आम्हाला ठाऊक होतं.

"काही बोलायचे का?"

"लई नाय. एकदाच इचारलं होतं." रामकिसननी फोन परत दिला. "म्हणले, दार लागायचा आवाज ठेवलाय, तसा उघडायचा नाय का? म्या म्हटलं, नाय बाबा, लावायचाच रेकॉर्ड केलाय. तर म्हणले, बघा की कुठं सापडतोय का. त्यानंतर दर बारीला जाताना माझ्याकडं बघायचे. म्या मान हलवायचो, नाय म्हणून."

त्या संध्याकाळी पुंडलिकनगरच्या गॅलरीत आई भाजी निवडत बसली होती. खाली मुलं उरलेले फटाके उडवत होती. मी तिला आप्पांचं सांगितलं. वाटलं होतं ती रडेल, किंवा चिडेल की मला खोटं सांगून ठेवलं. तिनं मेथीची जुडी मांडीवर ठेवली.

"पस्तीस वर्षं मी म्हणत आले, लेकराला काय कळलं नाय, बरं झालं," ती म्हणाली. "आन् ह्यांनी एकट्यानं ऐकून घेतलं सगळं. मला एकदा इचारलं असतं तर सांगितलं नसतं का मी, किती ते?"

तिनं पुन्हा जुडी उचलली. थोड्या वेळानं म्हणाली, "उद्या तू माझ्यासंगं बस. तुला ऐकू येतंय का बघू."

तिसऱ्या दिवशी दुपारी आईला पाचोडला सोडून आम्ही पुण्याला निघणार होतो. सामान गाडीत भरून साडेदहालाच संग्रहालयात पोचलो. तनुजा आणि ज्ञानदा बाहेर गाड्यांपाशी थांबल्या. तनुजा मला हळूच म्हणाली, "अहो, त्यांना थांबवा आता. हे बरं नाही." मी म्हणालो, आज शेवटचं. मनात ठरवलं होतं की पुण्याला गेल्यावर आईला आमच्या रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवायचं.

खोलीत आम्ही दोघंच होतो. आईनं यंत्र काढलं, आम्ही खुर्च्या चिकटवून बसलो. हेडफोन एकच, त्याची उजवी बाजू तिच्या उजव्या कानावर, डावी बाजू उलटी वळवून माझ्या डाव्या कानावर. कपाळाला कपाळ लागत होतं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता.

तिनं बटण दाबलं.

खटका. धप्प. थरथर. हिरवा दिवा विझला.

मी मनात मोजत होतो. पाच, सहा, सात. काही नव्हतं. हेडफोन बंद असताना असतो तसा कोरा शुकशुकाट. मी आईला काय आणि कसं सांगायचं, त्याची वाक्यं जुळवायला लागलो.

पंधरा-सोळाच्या सुमाराला त्या शुकशुकाटाची जात बदलली.

हे मला नीट सांगता येणार नाही. बंद खोलीतली शांतता आणि पाण्याखालची शांतता ह्यांत फरक असतो. विहिरीत बुडी मारल्यावर कानाच्या पडद्यावर जो दाब येतो, तो माझ्या डाव्या कानावर आला. फक्त डाव्या. मग पत्र्यावर पाणी लागल्याचा आवाज. मग काचेवर, लांबून, कुणीतरी तळहात आपटत असल्याचा.

आणि त्या सगळ्याच्या अलीकडं, अगदी जवळ, एका मुलीचा आवाज.

"बार पाचे साठ."

श्वास.

"बार सक बहात्तर."

मी आईचा दंड धरला. ती हलली नाही.

"बार साते चौऱ्याऐंशी."

हनुवटी वर करून बोलल्यावर येतो तसा ताणलेला आवाज होता. दात वाजत होते. तरी ती प्रत्येक आकडा स्पष्ट म्हणत होती.

"बार आठे..."

काचेवरचा तळहात थांबला.

"बार आठे... आप्पा, किती?"

मला उत्तर येत होतं.

आईनं ओठ हेडफोनच्या दांडीपाशी नेले. त्या हेडफोनला बोलायची सोय नव्हती, हे मी आधीच पाहिलं होतं.

"शहाण्णव," ती म्हणाली. स्वयंपाक करता करता सांगावं तसं, साधं. "शहाण्णव, बाळा."

पाणी लागत राहिलं. एक लाट. दुसरी.

"शहाण्णव," मुलीचा आवाज म्हणाला.

खटका झाला.

धप्प झालं नाही. बिजागरी करकरली, लांब, जड, पाण्याचा जोर सोसून एखादं दार उघडावं तशी. माझ्या कानातला दाब एकदम सुटला.

आईनं हेडफोन काढून खिळ्याला अडकवला. पदर सारखा केला. यंत्र कानात घालून त्याचा आवाज अंगठ्यानं नीट केला.

"चल," ती म्हणाली. "झालं."

मी बटण पुन्हा दाबलं. एकट्यानं, दोन्ही कानांना लावून. खटका, धप्प, थरथर. दोन मिनिटं थांबलो. पुन्हा दाबलं. मग बाहेर आलो.

रामकिसन दारापाशी उभे होते. त्यांनी आईला वाकून नमस्कार केला. "या परत, मावशी."

"आता कशाला?" आई म्हणाली. पण हसून म्हणाली. तिला असं हसताना मी फार वर्षांनी पाहत होतो. पार्किंगपर्यंत ती माझ्या आधाराशिवाय चालत गेली, सावकाश, कुणाच्या तरी पावलाशी पाऊल जुळवत असल्यासारखी. तनुजानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, नंतर सांगतो म्हणून.

गाडीत मी आणि तनुजा पुढं बसलो. मागं उजव्या खिडकीशी आई, डाव्या खिडकीशी ज्ञानदा. दोघींनी पट्टे लावले. मी गाडी सुरू केली आणि इशाऱ्याची टिकटिक सुरू झाली. समोरच्या पडद्यावर मागच्या तीन जागांची चित्रं होती. मधली लाल होती, कुणी पट्टा न लावता बसलं की होते तशी.

"मधे काही ठेवलंय का?" मी विचारलं.

"सगळं डिकीत आहे," तनुजा म्हणाली.

आईनं वाकून मधला पट्टा ओढून घेतला, खटक्यात बसवला, आणि नीट लागलाय ना हे बघायला एकदा हलकेच ओढून पाहिला. टिकटिक थांबली.

मी आरशात पाहिलं. रिकाम्या सीटवर लावलेला पट्टा आतल्या स्प्रिंगनं मागं खेचला जातो आणि पाठीला सपाट चिकटतो. हा चिकटला नव्हता. सीटपासून वीतभर पुढं, थोडा बाक घेऊन, तो हवेत ताणलेला होता.